दादांनी आणलेलं गढूळ पाणी

वाहत्या पाण्यात माती किती, हे लेझरनं मोजायचं माझं काम. काचेच्या टाकीतून हिरवा किरण सोडायचा आणि पलीकडे किती उजेड पोचला ते बघायचं. माती जास्त, तर उजेड कमी. पण ओढ्याचं पाणी बाटलीत भरून पुण्याला नेईपर्यंत त्यातले कण एकमेकांना चिकटतात, आकडे बदलतात. म्हणून गेल्या पावसाळ्यात छोटं यंत्र घेऊन मी गावी, पासलीला घरीच गेले.

आईनं भाताच्या पोत्यांची खोली मोकळी केली आणि खिडकीत गोणपाट कोंबून अंधार करून दिला. दादा, म्हणजे माझे वडील, तोवर ओढ्यावरून बादली घेऊन आले. गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले.

"लई गढूळ बघून आणलंय," ते म्हणाले. "कडंची माती ढवळून घेतली. तुला कमी पडाय नको."

पाणी टाकीत ओतलं. पलीकडे उजेड पोचेचना. त्यांच्या तोंडाकडे बघून मला सांगवेना, पण सांगावं तर लागणारच होतं.

"दादा, ढवळायचं न्हाई. मधल्या धारेचं पाहिजे, जसं वाहतंय तसं."

"मग आदी बोलायचं की!" असं म्हणत ते हसतच दोरी शोधायला लागले. आम्ही दोघं ओढ्यावरच्या साकवावर गेलो. एका हातानं त्यांनी बादली खाली सोडली, दुसऱ्या हातानं माझा दंड घट्ट धरून ठेवला.

परत आल्यावर मी आईच्या रोजच्या चष्म्यावर लेझरचा नारिंगी चष्मा चढवला आणि किरण चालू केला.

"कुठं हाय हिरवं? मला तर काय दिसंना."

"ह्यो चष्मा हिरवा उजेडच अडवतो, आई. डोळ्याला इजा नको म्हणून."

"मग बघायचं कशानं?" तिनं चष्मा वर सरकवायला हात नेला.

"हात खाली!" मी ओरडले. लहानपणी चुलीपाशी मला असं ओरडणारी ती, हात मांडीवर ठेवून बसली. मग तोंडाला पदर लावून हसत सुटली.

मी लॅपटॉप तिच्यापुढं धरला. यंत्रातल्या कॅमेऱ्यानं टिपलेले कण पडद्यावर चमकत होते, गिरकी घेत हळूहळू खाली बसत होते.

"आपल्याच खाचरातली माती की ही," आई म्हणाली.

"ह्या बारीला बरं हाय का पाणी?" दादांनी दारातून विचारलं.

"येकदम झ्याक."

माझ्या कामापुरते नमुने कधीच गोळा झालेत. तरी जोराचा पाऊस लागला की दादांचा फोन येतो, "वढा तांबडा झालाय, येतीस का?" आणि मी शनिवारची एसटी धरते.