नाबाद एक्केचाळीस

नऊ जानेवारी. कपाट आवरताना वेलदोड्याच्या डबीचं झाकण निघालं आणि बहारीनमधल्या माहूजच्या जुन्या फ्लॅटमधला तो शुक्रवार आठवला.

आमचा रोहन क्रिकेटसाठी मुंबईला आत्याकडे राहायचा, क्लबच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात खेळायचा. सीझनभर आम्ही बहारीनमधून फोनवर त्याचे सामने बघायचो, म्हणजे नुसते आकडे. त्या दिवशी तो एक्केचाळीसवर नाबाद होता आणि आकडे थांबले.

“पोरं जेवायला गेली असतील,” हे म्हणाले. “तू शिरा टाक. आज पन्नास होणारच.”

“अडीच तास पुढे आहेत ते. तिकडे चहाची वेळ झाली.”

“मग चहा पीत असतील. तुझं आपलं काहीतरीच.”

मी रवा भाजला, वेलदोडे कुटले. हे दोन वाट्या शिरा खाऊन पुन्हा फोन घेऊन बसले. आमची शेवटची सुखाची दुपार ती, आणि तीही खोटी. चेंडू हेल्मेटच्या जाळीतून आत घुसला होता, रोहनला हॉस्पिटलात नेत होते. आत्याचा फोन आला तेव्हा मी कढई घासत होते.

रात्रीच्या विमानाने निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी विचारलं. यांनी माझ्याकडे बघितलं. मीच सांगितलं, डोळा काढा.