बोकडानं नापास केलेला दोर

मंडळी, आज आमच्या दिंद्रुडच्या घरी शर्यतीच्या शिडाच्या बोटीच्या दोराचा निर्णय चक्क एका बोकडानं दिला.

माझी लेक मुंबईला अशा शर्यतींत उतरते. कुणी समुद्रात पडू नये म्हणून बोटीच्या कडेनं जे दोर ताणतात, ते तिला बदलायचे होते. नियमाप्रमाणे तिच्या बोटीला स्टीलची तारही चालते आणि हलका दोरही. तिचं मन हलक्या दोरावर. त्याचा नमुना तिनं ओसरीवर ठेवला होता.

आमच्या शेळ्या सांभाळणाऱ्या महादूमामांनी सकाळी नवं दावं समजून त्या नमुन्यानंच बोकड दगडी खांबाला बांधला. दुपारपर्यंत खांबाच्या कडेला घासून दोर निम्मा झिजला.

लेक चिडली. "मामा, ह्या दोरावर आमचा जीव असतो."

"मग ह्यो न्हाई चालायचा. कडेला घासला की तिथंच तुटतोय."

"तार जड असते. हरेन मी."

"मग हरून घरी ये की, बाय."

लेकीनं तार मागवली.

'हरून घरी ये' हेच मला कितीतरी वर्षं म्हणायचं होतं. मी मात्र कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्या शिस्तीत दरवेळी 'ऑल द बेस्ट' म्हणत आले. तुमच्या घरी मनातलं असं थेट बोलणारं कोण आहे?