लाडू स्क्वॉडचा लहानू

नागपूरची पोस्टिंग मी मागून घेतली होती. त्याआधी तीन वर्षं बर्फात काढली. तिथं भूक मरते. डब्यातलं खायचं, रॉकेलच्या बुखारीजवळ शेकत बसायचं आणि घरच्या चिठ्ठीची वाट पाहायची. साठ सालाच्या पुढची, सत्तरच्या आतली गोष्ट आहे. शहराबाहेरच्या एका डेपोत रेशन स्टोअरवर मला लावलं. वाडीला अमरावती रोडवर भाड्यानं खोली घेतली आणि कुहीकडच्या गावाहून बायकोला आणलं. कौसल्या तिचं नाव. मी कौसा म्हणायचो. मी चौथी शिकलो, ती तेवढीही नाही. म्हणून हे लिहिणं जसं येते तसं आहे.

कौसानं मला पाहिलं आणि म्हणाली, "फौजेनं माणूस वाळवून धाडला. माह्या हातचं अंगी लागते का नाही, पाहाच तुम्ही."

लागलं. कुहीचा तांदूळ, त्यावर तूप. सण नसताना वडाभात, वरून हिंगाचं गरम तेल. दिवसभर स्टोअरमध्ये बसून पोती मोजायची आणि घरी येऊन ताटावर बसायचं. वर्षाच्या आत पट्ट्याला पुढं भोकं पाडावी लागली. सिव्हिलमध्ये याला तब्येत सुधारली म्हणतात. फौजेत याला दुसरं नाव आहे.

सालाना मेडिकल झालं. डॉक्टर कॅप्टन साहेबांनी काट्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "कॅटेगरी डाउन." सिव्हिलवाल्यांसाठी सांगतो. कॅटेगरी खाली गेली की प्रमोशन थांबते. खालीच राहिली तर पेन्शन पिकायच्या आधी घरी पाठवतात.

मला पहिला शक काट्यावर आला. स्टोअरमधलं सीलबंद वजन नेलं आणि एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, काट्यावर ठेवलं. काटा बरोबर निघाला. पोट खोटं बोलत नव्हतं.

मग युनिटच्या मोठ्या साहेबांनी जाड माणसांचं वेगळं स्क्वॉड केलं. ऑर्डरमध्ये नाव एक्स्ट्रा पीटी. लंगरमध्ये, जिथं जवान जेवतात तिथं, नाव लाडू स्क्वॉड. तिथं माझी आणि नाईक लहानू निनावेची जोडी जमली. लहानू खाप्याचा, कोष्ट्याच्या घरचा. बापाचे माग बंद पडायला आले होते, म्हणून भरती झाला. नाव लहानू आणि देह असा की दारातून आडवा निघावा. आमचा पीटी उस्ताद उत्तरेकडचा हवालदार होता. त्याला कोणीतरी लहानूचा अर्थ सांगितला. तेव्हापासून रोज फॉल-इनला विचारायचा, "नाम किसने रखा तेरा?"

लहानू सावधानमध्ये उभा राहून सांगायचा, "माँ ने रखा उस्ताद. तब लहान ही था."

उस्तादला आमच्यातल्या प्रत्येकावर शक. परेडच्या आधी खिसे उलटे करायला लावायचा. हात हुंगायचा. कॅन्टीनवाल्याला ताकीद होती की या चेहऱ्यांना पेढा द्यायचा नाही. हळूहळू आम्हीही तसेच झालो. कोणाचं वजन उतरलं की बाकीचे त्याच्याकडं चोरासारखं पाहायचे. नाही उतरलं तरी चोरासारखंच पाहायचे.

माझा शक घरावर आला. मी भाकरी कोरडी मागत होतो आणि वजन हलत नव्हतं. एक दिवस तुपाचा डबा उघडून पाहिला. कौसा चुलीपुढं होती. वळूनही न पाहता म्हणाली, "तुमच्या पोटाचा पंचनामा माह्या डब्यात काहून करून राहिले?" मी विचारलं की डाळीत किती टाकते. ती म्हणाली, "नजर लागू नये एवढं."

मग लहानूनं अक्कल काढली. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास धरायचे. देवाचंही होईल आणि फौजेचंही. कौसाला आनंद झाला. उपासाला तिनं साबुदाण्याची खिचडी केली, शेंगदाण्याचा कूट मुठीनं. वर रताळं तुपात परतून, वर दही. आम्ही तृप्त होऊन उपास केले. महिन्यानं काट्यावर चढलो तर दोघंही पुढं गेलो होतो. उस्तादनं विचारलं, तीन दिवस खात नाही तर हे काय? लहानूनं साबुदाणा समजावून सांगितला. उस्तादनं काट्याकडं पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "तुम लोग भगवान को भी धोखा देते हो." हा एवढा एक शक त्याचा खरा निघाला.

हसण्यासारखं इथपर्यंतच होतं.

उन्हाळा लागला तशी ऑर्डर आली. मे महिन्यात री-मेडिकल. आधी वजन, मग दौड. लहानूची कॅटेगरी दुसऱ्यांदा खाली होती. त्यात पास झाला नाही तर डिस्चार्ज. पेन्शनला त्याला थोडीच सर्व्हिस उरली होती. खाप्यात माय, धाकटा भाऊ आणि बंद माग. तो मला म्हणाला, "भाऊ, मी परत गेलो त मायच्या ताटात अजून एक तोंड." त्यानंतर त्यानं त्या गोष्टीचं नाव काढलं नाही.

एप्रिल सरताना त्याचं वजन पडू लागलं. दर आठवड्याला पडत होतं. बाकीचे त्याची पाठ थोपटत होते. मला ते पटेना. रेशन स्टोअरमध्ये एवढं शिकलो होतो की पोतं एकदम हलकं लागलं तर आनंद मानायचा नसतो, भोक शोधायचं असते. मी नजर ठेवली. रविवारी जेवायला येणं त्यानं बंद केलं. खोलीवर आला तर कौसाचं कैरीचं पन्हं हातात घ्यायचा आणि तसंच खाली ठेवायचा. नागपूरच्या उन्हात त्याच्या शर्टाच्या आत लोकरी जर्सी दिसली. ओठाला पापड्या.

मी त्याला गोदामाच्या सावलीत गाठलं. म्हटलं, "काहून गा लहानू, पाणी सोडलं काय?"

"सोडलं नाई. कमी केलं."

"चरबी उतरून नाई राहिली तुही. पाणी उतरून राहिलं."

"काट्याले काय समजते भाऊ, चरबी कोणती अन् पाणी कोणतं?"

"तुले त समजते."

तो हसला. म्हणाला, "तोलून झालं की कौसावैनीच्या हातचं मडकं रिकामं करतो. तोवर बोलू नको."

री-मेडिकलच्या दिवशी कौसानं मला दोन कांदे दिले. आमच्याकडं उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात. ऊन लागत नाही म्हणतात. म्हणाली, "एक तुमचा, एक भाऊजीचा. त्याच्या खिशात आपल्या हातानं टाका. तो घेतो म्हणन अन् ठेवून देईन." मी टाकला. उस्तादनं त्या दिवशीही खिसे पाहिले. कांदा बघून म्हणाला, "ये भी खाओगे?" पण काढून घेतला नाही.

वजन सकाळीच झालं. लहानू पास झाला. मी थोडक्यात राहिलो, मला पुढची तारीख मिळाली. दौड मात्र सगळ्यांनाच होती. मी वॉटर बॉटल लहानूपुढं धरली. त्यानं नको म्हणून मान हलवली. एमआय रूमच्या शिपायानं त्याला सांगितलं होतं की मोठ्या साहेबांना जाड माणसांवर शक आहे, दौडीनंतर पुन्हा तोलणार आहेत. मी म्हटलं, असं ऑर्डरमध्ये नाही. तो म्हणाला, ऑर्डरमध्ये सगळं नसते.

दौड लगेच व्हायची होती. साहेबांची जीप उशिरा आली. तोवर ऊन चढलं. डांबर पायाखाली मऊ झालं होतं. उस्तादनं शिट्टी दिली.

जाताना लहानू माझ्या पुढं होता. वळणावर चिंचेचं झाड होतं, तिथून परत फिरायचं. झाडाजवळ मी त्याच्या बरोबरीला आलो आणि त्याच्या तोंडाकडं पाहिलं. आम्ही सगळे घामानं निथळत होतो. त्याचं तोंड लाल होतं आणि कोरडं. एवढा जाड माणूस, आत जर्सी, मेचं ऊन, आणि घामाचा थेंब नाही.

मी म्हटलं, "लहानू, थांब."

तो माझ्याकडं पाहून म्हणाला, "मागाचा धागा तुटला. मायले सांगजो." मग दोन पावलं आडवी टाकली आणि बसला.

मागून उस्ताद सायकलवर आला. "उठ! नाटक नहीं."

मी म्हटलं, "उस्ताद, ये नाटक नहीं है. पसीना बंद है इसका."

"लाइन में जा."

"नहीं जाता."

फौजेतल्या माझ्या सगळ्या सर्व्हिसमध्ये ऑर्डरला मी एवढ्या एका वेळी नाही म्हटलं. लहानूची जर्सी फाडून काढली. बॉटलचं पाणी डोक्यावर, छातीवर ओतलं. तोंडात घातलं ते बाहेर आलं. त्याच्या खिशातला कांदा दगडानं ठेचून तळपायाला चोळला. मला तेवढंच येत होतं. उस्तादनं वाकून त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटका बसल्यासारखा मागं घेतला. मग सायकल टाकून जीपकडं धावला. त्याला तसं धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

जीपमध्ये लहानूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावली. दुपार कलायच्या आत तो गेला.

दुसऱ्यांदा तोलायचं कुठल्याच ऑर्डरमध्ये नव्हतं.

चौकशी बसली. काही गोळ्या घेत होता का, कोणी पुरवत होतं का, असं विचारलं. मी सांगितलं, गोळी नाही, पाणी. एवढं साधं कारण त्यांना पटलं नसावं, पुन्हा पुन्हा विचारलं. मी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. शेवटी लिहून घेतलं.

त्या आठवड्यात उस्ताद आमच्या खोलीवर आला. दारात बूट काढून बसला. कौसानं चहा ठेवला, त्यानं घेतला नाही. जाताना म्हणाला, "मैं तो सबसे यही कहता हूँ. नाटक मत कर. सबसे."  त्यानंतर त्यानं हजेरीला कोणाच्या नावाची मस्करी केली नाही.

मी वजन उतरवलं. दोन वर्षं लागली. युक्ती काही नव्हती. भात अर्धा केला. तूप सणाला. उपास बंद केले. संध्याकाळी जेवल्यावर कौसाला घेऊन अमरावती रोडनं चालायला जायचो. ट्रकवाले हॉर्न द्यायचे. बायको पुढं आणि नवरा मागं असं चालणं वाडीत कोणी पाहिलं नव्हतं. कौसा म्हणायची, "लोक म्हणत असतीन, फौजी बायकोवर पहारा देते." मधे चार-पाच वेळा वजन परत चढलं. पुन्हा चाललो. पाणी पोटभर प्यालो. ज्यानं कोणी चूर्ण दाखवलं, पट्टा दाखवला, पंधरा दिवसांत उतरवून देतो म्हटलं, त्याला दारातूनच परत पाठवलं. मला एवढंच शिकायला मिळालं. हळू उतरलं ते आपलं. भरभर उतरलं त्यावर शक घ्या.

कॅटेगरी वर आली. हवालदार होऊन पेन्शनीत निघालो.

मग ऐंशीच्या पुढची गोष्ट. कौसा बारीक होऊ लागली. मी तिला चालायला नेऊन नेऊन जी उतरली नव्हती, ती एका पावसाळ्यात उतरली. नळावरच्या बाया म्हणायच्या, काय वं कौसाबाई, जवान झाली. तिला बरं वाटायचं. चोळ्या उसवून आत घेत बसायची. एका जेवणाला तिनं ताट सरकवलं आणि सहज म्हणाली, "मी बी तेच खातो, तुमी बी तेच खाता. पण मले आता अंगी लागत नाई काही."

मी हातातला घास खाली ठेवला. मला चिंचेचं झाड दिसलं.

दुसऱ्या सकाळी तिला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. ती रिक्षात माझ्यावर चिडून होती. म्हणाली, "बायको जाड झाली त बोलता. बारीक झाली त दवाखान्यात नेता. तुमचा शक काही मरत नाई." डॉक्टरांना पोटात गाठ सापडली. वेळेत आणलं म्हणाले. ऑपरेशन झालं. ती पुढं चार उन्हाळे बरी राहिली. पाचव्याला गाठ परत आली होती. तेव्हा तिनं माझ्या आधी ओळखलं आणि मला सांगितलं नाही. मला माहीत होतं, मीही तिला सांगितलं नाही.

लहानूला खाप्याला कन्हान नदीच्या काठावर अग्नी दिला होता. पहिल्या वर्षी मे महिन्यात कौसानं मला तिथं नेलं. मडक्यात पन्हं घेतलं होतं. घाटावर कोणी नव्हतं. तिनं पन्हं पाण्यात ओतलं आणि म्हणाली, "पिऊन घ्या भाऊजी. आता कोणी तोलत नाई." मग दरवर्षी आम्ही जात होतो. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात ती बसमध्ये माझ्या खांद्याला टेकून आली. मडकं मला धरू दिलं नाही. तिचीही राख मी तिथंच सोडली.

आता एकटा जातो. पन्हं मीच करतो. कैरी उकडणं जमते, गुळाचा अंदाज अजून येत नाही, आंबट होते. खिशात दोन कांदे असतात. घाटाची पायरी उतरतो, मडकं वाकडं करतो आणि तिनं म्हटलं तेच म्हणतो.

पिऊन घ्या गा दोघंही. आता कोणी तोलत नाई.