पणजा हुडकायला आलेलं पावणं

वंशावळीच्या कामात एक गंमत आहे. माणूस येतो मेलेल्यांची चौकशी करायला, आणि जाताना जिवंत माणसांचा एखादा किस्सा टेबलावर ठेवून जातो. कागदांना कपाट पुरतं, किस्स्यांना पुरत नाही. ते असे चहाबरोबर वाटून टाकावे लागतात.

मी आणि सुभाषराव शाहूपुरीत एका प्रिंटिंग प्रेसच्या वरच्या खोलीत बसतो. मी शाळेतून रिटायर झालेली इतिहासाची बाई. मोडी लिपी वाचते. सुभाषराव सरकारी रेकॉर्ड रूममधून रिटायर झालेले क्लार्क. कुठला दप्तराचा गठ्ठा कुठल्या फळीवर आहे ते डोळे मिटून सांगतात. लोक जुने कागद, शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी घेऊन येतात आणि आम्ही त्यांच्या पिढ्या लावून देतो. हातात घेतलेलं एकही घराणं आम्ही आजवर अर्धवट सोडलेलं नाही. हे मी जरा अभिमानानंच सांगते. सुभाषराव तर खाली रस्त्यावर ऐकू जाईल असं सांगतात!

*

आमचा बोर्ड आहे, ‘येथे जुनी मोडी वाचून मिळेल’.

पहिल्याच महिन्यात हुपरीचे एक चांदी कारागीर, तुकाराम, जिना चढून वर आले. पिशवीतून काळे पडलेले पैंजण काढले आणि माझ्या टेबलावर ओतले.

“मोड घेता न्हवं?”

चांदीवाल्यांच्या भाषेत मोड म्हणजे वितळवायचे जुने दागिने. बोर्डावरची वेलांटी काही त्यांनी मनावर घेतली नव्हती! मी समजावून सांगितलं. मोडी म्हणजे जुन्या काळचं अक्षर, आम्ही कागद वाचतो.

“कागद व्हय? मग तसला एक हाय की आमच्या देवाऱ्यात!”

आठ दिवसांनी अख्खं घर आलं. सात माणसं. लाल फडक्यात गुंडाळलेला कागद. तीन पिढ्या दसऱ्याला त्याची पूजा होत होती. हळदीकुंकवानं तो पार पिवळा-लाल झालेला. “आजा सांगायचा, राजानं दिलेली सनद हाय,” तुकाराम म्हणाले. त्यांच्या आई पदर डोक्यावर घेऊन हात जोडून बसल्या.

मी पहिली ओळ वाचली. परत वाचली. सुभाषरावांकडं बघितलं. पण कागदात आहे ते सांगायचं, हा आमचा नियम. मोठ्यानं वाचलं, “म्हैस फुगल्यास ओवा, हिंग, काळे मीठ गुळाच्या पाण्यातून दोन वेळा पाजणे व चालवीत नेणे.” खाली त्यांच्या पणजोबांचं नाव.

मला वाटलं, आता म्हातारी रडणार. तेवढ्यात तुकारामांनी मांडीवर थाप मारली.

“तरीच! आमच्या घरात आजपातूर एक म्हैस फुगून मेलेली न्हाय!”

कागद परत लाल फडक्यात गेला. पूजा चालू आहे.

*

शाळेच्या जुन्या रजिस्टरात निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा असतो. खरी तारीख कुणाला ठाऊक नसायची, मग मास्तर सोयीची घालायचे. एका हौशी नातवाला आजोबांचा खरा वाढदिवस करायचा होता. सुभाषरावांनी पान दाखवलं. “बघा. तुमचं आजोबा, त्यांचं दोन भाऊ, शेजारचा, पलीकडचा, सगळे एक जून. त्या दिवशी गावात सुईणीला जेवायलासुद्धा उसंत मिळाली नसंल!”

नातू म्हणाला, “मग असं करतो. केक मोठा सांगतो, गल्लीच बोलावतो.”

आणि बोलावली!

*

आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या सहा जणांचे पूर्वज सरदार असतात. एक बिल्डर आले. बसायच्या आधीच म्हणाले, “आमचे पूर्वज सरदार होते. तेवढा फक्त पुरावा काढून द्या.”

सुभाषराव चष्मा पुसत म्हणाले, “पावणं, सगळेच सरदार हुते, तर घोड्याला वैरण कोण घालत हुतं?”

दोन महिन्यांनी कागद सापडला. त्यांचे खापरपणजोबा मोतद्दार होते. म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे. खरारा, चंदी, वैरण. सुभाषरावांनी माझ्याकडं असं बघितलं की मला हसू आवरेना.

बिल्डर मात्र गंभीर. “घोडे कुणाचे होते?”

“संस्थानचे.”

“मग चालतंय की!” त्यांनी तिथंच मोबाईल काढून स्टेटस टाकलं, ‘राजघराण्याच्या अश्वदळाशी पूर्वापार ऋणानुबंध’.

यात खोटं काय आहे सांगा!

*

कागद संपतो तिथं आम्ही मल्लाप्पांना फोन लावतो. मल्लाप्पा हेळवी. घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ सांगायच्या आणि वहीत उतरवायच्या, हा त्यांचा वडिलोपार्जित व्यवसाय. त्यांचे वाडवडील बैलावर बसून गावोगाव फिरायचे, मल्लाप्पा मोटरसायकलवर येतात. वह्या मात्र त्याच.

शाहूपुरीतल्याच एका लिंगायत व्यापाऱ्यांच्या घरी आम्ही त्यांना नेलं. दुकान बंद ठेवून सगळे जमले होते. मल्लाप्पांनी डोळे मिटले आणि सुरू झाले. शिवाप्पाचा बसाप्पा, बसाप्पाचा गुरुसिद्धाप्पा... सात पिढ्या, एकदाही न अडखळता! लॅपटॉपवर तक्ता करणारी घरातली मुलगी टायपिंगमध्ये मागं पडायला लागली.

शेवटी ते घरातल्या यजमानांच्या नावावर येऊन थांबले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातून यजमानांच्या आईचा, अव्वांचा, आवाज आला. “आणि मी कुठं हाय?”

मल्लाप्पांनी वही चाळली. “हाय की अव्वा. हितं लिवलंय, सून निपाणीची.”

“निपाणीची?” अव्वा उठूनच उभ्या राहिल्या. “मी काय तंबाखू हाय व्हय रं?”

अव्वा पुढं येऊन त्यांच्यासमोर बसल्या. “लिव. पार्वती. माझ्या सासूचं नाव गंगव्वा, तेबी लिव. तिच्या सासूचं मला ठाऊक न्हाय. तुझ्या बापानं इचारायला पायजे हुतं.”

मल्लाप्पांनी मान खाली घालून दोन्ही नावं लिहिली. आता ते कुठल्याही घरी गेले की पहिला प्रश्न असतो, “घरात सुना किती? नावं सांगा.” सुभाषराव म्हणतात, “मल्लाप्पा पुरुषांकडं आता बघतच न्हाईत!”

*

हा पुढचा सांगताना मी नेहमी जरा सावकाश सांगते.

एक निवृत्त मुख्याध्यापक आले. बौद्ध घरातले. त्यांच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातलं जुनं सगळं मागं टाकलं होतं. त्यामुळं त्याआधीचं काही हाती नव्हतं. बरोबर त्यांची मुलगी, कोर्टात वकिली करणारी. सुभाषरावांनी महिनाभर धूळ खाऊन गावचं जुनं मृत्यूचं रजिस्टर शोधून काढलं. त्यात सरांच्या पणजोबांचं नाव होतं.

पान मोडीत होतं, म्हणून वाचायचं माझ्याकडं आलं. मी वाचायला लागले आणि थांबले. त्याच पानावर बाकीचे होते गणपतराव, विठोबा पाटील, यशवंतराव. आणि एका ओळीत नुसतं ‘धोंड्या’.

“वाचा की, बाई,” सर म्हणाले.

मी वाचलं. मुलगी ताडकन म्हणाली, “तक्त्यात धोंडीराव लिहायचं.”

सुभाषरावांचं रक्तच क्लार्कचं. “ताई, रेकॉर्ड बदलता येत न्हाय. अक्षराला अक्षर!”

“हे रेकॉर्ड आहे? हा अपमान आहे!”

“मग मी काय खोटं लिहू?”

आवाज चढले. खालचा प्रेसवाला वर डोकावून गेला. सरांनी हात वर केला, वर्गात करत असतील तसा.

“सुभाषराव, रेकॉर्ड बदलू नका. मीही जन्मभर हजेरीचा कॅटलॉग लिहिला, खाडाखोड मलाही चालत नाही. पण कागद त्या लिहिणाऱ्याचा आहे. तोंड तुमचं आहे. वाचताना धोंडीराव म्हणा.”

सुभाषरावांनी चष्मा नीट केला. रजिस्टर स्वतःकडं ओढलं. त्या ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, “धोंडीराव.”

सगळी नोकरी ज्या माणसानं कागदाबाहेर एक अक्षर उच्चारलं नाही, तो हा माणूस.

तक्त्यात मी धोंडीरावच लिहिलं. खाली रजिस्टरातलं नाव बारीक अक्षरात द्यावं की नको, या विचारात होते. मुलगीच म्हणाली, “द्या. बारीक नको, ठळक द्या. आमच्या पोरांना दोन्ही कळू देत.”

*

आणि हा दत्तूआप्पांचा.

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गावोगावच्या सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच निशाणकाठ्या, जातात. आप्पांच्या गावची काठी वेशीतून निघताना पहिला हात कुणी लावायचा, यावरून दोन घरांत तीन पिढ्यांचं वैर. आडनाव एकच. दारं समोरासमोर. पण ‘ते आमच्यातले नव्हेत’ यावर मात्र दोन्ही घरांचं एकमत!

पंच्याहत्तरीचे दत्तूआप्पा आधी आले. “गावातलं मूळ घर आमचं. ती कुठनं तरी आलेली माणसं. कागदानं सिद्ध करा.” आठवड्यानं समोरच्या घरातला तानाजी आला, पन्नाशीचा. शब्दही तेच. आम्ही दोघांनाही हो म्हटलं आणि एकमेकांचं एकमेकांना सांगितलं नाही.

दीड महिना लागला. जमिनीचे जुने फेरफार, शाळेचं रजिस्टर आणि गुरवांच्या पेटीत सापडलेला एक मोडी वाटणीपत्राचा कागद. तीन ठिकाणी तीच नावं. शंकेला जागाच नव्हती. मग दोघांनाही एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावलं.

आप्पा आधीच बसले होते. तानाजी दारात आला आणि त्यांना बघून तिथंच थबकला. त्याची आई, हौसाक्का, पंधरा दिवसांपूर्वी गेली होती. सुतकात मुलगा आणि भाऊबंद डोकं उतरवतात तसं त्यानं उतरवलं होतं, नुकते केस फुटत होते. म्हातारीची तिरडी दारातून उचलली तेव्हा समोर आप्पांच्या घराचं दार बंद होतं. आतून कडी. हे तानाजीनंच मला फोनवर सांगितलं होतं.

“बसा,” मी म्हटलं. तो लांबच्या खुर्चीवर बसला.

मी तक्ता टेबलावर पसरला आणि वाचत गेले. दोन्ही घरांचा मूळपुरुष एकच, राणोजी. त्याची दोन मुलं. थोरल्याचं घर आप्पांचं, धाकट्याचं तानाजीचं. वाटणी झाली आणि धाकट्यानं समोर घर बांधलं. भांडण कशावरून, ते कागदात नव्हतं.

“भाऊबंद हाय तुम्ही,” सुभाषराव म्हणाले. “काठीला हात कुणी लावायचा ते आता घरातल्या घरात ठरवा!”



तानाजी खिडकीबाहेर बघत राहिला. आप्पा तक्त्यावर वाकले. अक्षर त्यांना दिसत नव्हतं, तरी बोट एकेका चौकटीवरून खाली सरकत होतं. मग त्यांनी विचारलं, “बाई, मग हौसाक्का माझी कोण लागली?”

मी दोन्ही बाजूंच्या पिढ्या मोजून सांगितलं, “चुलती.”

“चुलती,” आप्पा म्हणाले.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून तक्त्यावर ठेवली. पांढऱ्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि सुभाषरावांकडं वळून विचारलं,

“हितं जवळ न्हावी कुठं हाय वो?”