पोरगी नांदाले लागली

आमच्या कापूस खरेदी केंद्रातला पीसी आणि प्रिंटर नागपूरच्या मेनफ्रेमशी, म्हणजे तिथल्या मोठ्या मुख्य संगणकाशी, जोडून द्यायला एक तंत्रज्ञ यायचा. या जोडणीला तो सोयरीक म्हणे. प्रिंटर म्हणजे पोरगी, मेनफ्रेम म्हणजे सासू.

त्या दिवशी आवारात कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या, अन् पावतीवर नुसती अगम्य चिन्हं!

"सासू बोलते एक, पोरगी आयकून राह्यली भलतंच," म्हणत त्याने सेटिंगमधली भाषा बदलली. पावती स्वच्छ उमटली. त्याने मंगलाष्टकाचा सूर लावला, तशी गाडीवाल्यांनी अक्षता म्हणून कापूसच उधळला.

लगेच नागपूरला फोन. "व्याहीबुवा, पोरगी नांदाले लागली!"

तिकडचा ऑपरेटर गंभीरपणे म्हणाला, "काळजी सोडा, आता ती आमची लेक."

आम्ही हसून लोळलो. त्याने मात्र खरंच डोळे पुसले, केसांत अडकलेल्या कापसाने.