लेखनिक देण्यात यावा

माझ्या मामाला कॉलेजात सगळेच मामा म्हणायचे. शिपाई म्हणायचे, प्राध्यापक म्हणायचे, दारातून आडवं होऊन आत शिरणारे गोळाफेकवालेही म्हणायचे. मला लहानपणी याचा फार राग यायचा. मामा माझा, तुमचा कसा? पुढे मीच मामाच्या घरी राहून त्या कॉलेजात शिकायला गेले, तेव्हा कळलं की हे लोक त्याला मामा नुसतं म्हणत नाहीत, बनवतातही.

तो क्रीडा विभागात कनिष्ठ लेखनिक होता, म्हणजे कारकून. त्याची खोली व्यायामशाळेच्या जिन्याखाली. आत एक टेबल, फाटकी जाळी, हवा गेलेले चेंडू आणि ओल्या मोज्यांचा कायमचा वास. खिडकी होती, पण ती मैदानाच्या जमिनीलगत उघडायची, त्यामुळे मामाला दिवसभर फक्त पाय दिसायचे. तो खेळाडूंना बुटांवरून ओळखायचा. सामन्यांची पत्रं लिहायची, टीशर्ट धुवायला द्यायचे, परत आले की कमी भरल्याबद्दल धोब्याशी भांडायचं, हे त्याचं काम. निवृत्त होईपर्यंत तो हेच करत राहिला असता. पण एका शब्दाने घात केला.

परीक्षेच्या नियमांत एक ओळ होती: ‘हाताला दुखापत झालेल्या विद्यार्थ्यास लेखनिक देण्यात यावा.’ आता कोणीही शहाणा माणूस सांगेल की इथे लेखनिक म्हणजे विद्यार्थ्याने तोंडाने सांगायचं आणि याने तेवढंच कागदावर उतरवायचं. पण आमचे क्रीडासंचालक, ज्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची आणि ज्यांना आयुष्यात कोणी पळताना पाहिलं नव्हतं, त्या शिट्टीसाहेबांनी ती ओळ वाचली आणि म्हणाले, लेखनिक तर आपल्याकडे पगारी आहे. प्राचार्यांनाही पटलं. बाहेरून माणूस आणायचा त्रास वाचला. आणि मामा? छापलेल्या अक्षरापुढे त्याची मान नेहमीच झुकायची. त्याच्या नेमणुकीत लेखनिक, नियमात लेखनिक, मग वाद कसला! तो पेन घेऊन परीक्षेला गेला.

पहिला हात खरोखर मोडलेला होता, विकेटकीपरचा. त्याने दोन वाक्यं सांगितली, घाम पुसला आणि म्हणाला की मामा, पुढचं तुम्हीच बघून घ्या. मामाने बघून घेतलं. कीपर पास झाला. झालं! पुढच्या परीक्षेपासून कॉलेजात हात मोडायची साथच आली. विभागाचे डॉक्टर सकाळी प्लास्टर घालायचे आणि संध्याकाळी सामन्याआधी कापायचे. एका टेनिसवाल्याच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं आणि त्याने हजेरीची सही डाव्या हाताने इतकी झोकात केली की पर्यवेक्षकाने कौतुक केलं. तो मुळात डावखुराच होता.

एवढे सगळे एका दिवशी कसे उरकायचे, तर शिट्टीसाहेबांनी त्यांना वेगवेगळे विषय घ्यायला लावले. म्हणजे मामाला सगळे विषय आले. घरात अर्थशास्त्र, मानसशास्त्र, शरीरशास्त्र यांचं पाठांतर चालायचं, आणि मी माझं गणित घेऊन गेले की मला गॅलरीत हाकलायचे. मामी भाजी निवडता निवडता म्हणायची की त्या रेड्यांना बसवा की अभ्यासाला. पण मामाला त्यात गोडी लागली होती हो! त्याचं एक तत्त्वही होतं: कोणालाही त्याच्या कुवतीबाहेर पास करायचं नाही. गोलकीपरला काठावर, कप्तानाला जरा बरे. ज्याच्या त्याच्या चुका ज्याच्या त्याच्या पेपरात. कोण ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकतो हे त्याला मुखपाठ होतं आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

एकदाच तोल गेला. जुन्या काळातल्या व्यापारावर प्रश्न आला, मामा रंगून गेला आणि एक गोळाफेकवाला इतिहासात कॉलेजात पहिला आला. सत्कार ठेवावा लागला. त्याला बोलायला उभं केलं तेव्हा तो बिचारा खरं तेच बोलला, की हे सगळं श्रेय माझ्या मामांचं आहे. लोकांना वाटलं आईच्या भावाबद्दल बोलतोय. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि प्राचार्यांच्या बायकोने तर रुमाल काढला.

तुम्ही म्हणाल, यावर कोणाची नजर नव्हती? होती तर! ‘खेळाडूंच्या शैक्षणिक प्रामाणिकपणावरील देखरेख समिती’ असं भलंमोठं नाव होतं तिचं. अध्यक्ष शिट्टीसाहेब. सभेची नोंद लिहायला अर्थातच लेखनिक. अध्यक्ष विचारायचे, यंदा काही गैरप्रकार? आणि स्वतःच सांगायचे, नाही. मामा लिहायचा, नाही. मग चहा.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा बातमी आली की विद्यापीठाच्या तपासनीस बाई परीक्षेला स्वतः येणार. शिट्टीसाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी सगळ्यांना जमवून जाहीर केलं की या वर्षी आपल्या कॉलेजात कोणालाही दुखापत झालेली नाही. डॉक्टर कात्री घेऊन बसले आणि एका दुपारीत अख्खा फुटबॉल संघ खडखडीत बरा झाला. मग मैदानाची साफसफाई. बाईंना नीटनेटकं दिसावं म्हणून उंच उडीची जुनी, उसवलेली गादीही उचलून आत टाकली. सगळ्यांना सांगितलं, फक्त जिला तिथे रोज पडायचं होतं तिला सांगायचं राहिलं.

तिला सगळे ‘उडी’ म्हणायचे. माझ्याच वर्गातली, काटकुळी, लांबच्या लांब पायांची. पहाटेच्या अंधुक उजेडात ती आली, सवयीने धावली, दांडी पार केली आणि गादीऐवजी जमिनीवर आली. उजवं मनगट मोडलं. हे खरं मोडलं. आणि ही एकच पोरगी होती जी सराव झाला की वाचनालयात बसायची, पानं तोंडाने पुटपुटत. हुशार नव्हती फार, पण चिवट. तिला खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. हे वर्ष गेलं की शिष्यवृत्ती जाणार, आणि शिष्यवृत्ती गेली की काकाच्या दुकानात कापडाचे तागे उचलायला उभं राहायचं, हे घरच्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

ती शिट्टीसाहेबांकडे लेखनिक मागायला गेली. मी सोबत होते. साहेब म्हणाले की या वर्षी कोणाला दुखापत झालेली नाही. तिने प्लास्टरचा हात वर केला. साहेबांनी शांतपणे खिडकीबाहेर बघितलं आणि सांगितलं की आपण काहीही पाहिलेलं नाही, डाव्या हाताने लिही, सवय चांगली असते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला तरी कोण विचारतंय!

मामाला हे कळलं तेव्हा तो जेवला नाही. साहेबांनी त्याला परीक्षेच्या आसपास फिरकायचं नाही असं बजावलं होतं. तो नुसता ताटाभोवती बोट फिरवत बसला. शेवटी मामीचा पारा चढला.

“खोट्या हातांसाठी इतकी वर्षं बसलात,” ती म्हणाली, “आता खऱ्या हाताजवळ बसायला काय धाड भरलीय?”

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून हॉलच्या दारात हजर. तपासनीस बाईंसमोर त्याने नियमाची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. बाई कडक होत्या. त्यांनी उडीचा एक्स-रे मागितला, उजेडात धरून बघितला आणि परवानगी दिली. शिट्टीसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण बाईंपुढे बोलणार काय?

उडी आणि मामाला कोपऱ्यातलं बाक दिलं. मी माझं गणित घेऊन दोन बाकं पुढे. फुटबॉल संघ पुढच्या दोन रांगांत पेनं चावत बसला होता. बाई येणार म्हणून या वर्षी सगळ्या विषयांचे पेपर एकाच वेळी ठेवले होते. उडीचा विषय शरीरशास्त्र. मागून उडीची कुजबुज सुरू झाली आणि मामाचं पेन भराभर चालू लागलं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! एकदा तरी हा माणूस सरळ काम करतोय म्हणून.

तेवढ्यात बाईंचा आवाज आला. “थांबा. या काय म्हणाल्या आणि तुम्ही काय लिहिलंत?”

प्रश्न हृदयाचा होता. शुद्ध रक्त कोणत्या बाजूच्या कप्प्यांत असतं? मामाने लिहिलं होतं, डाव्या. बाईंना मागे उभ्या असताना ऐकू आलं होतं, उजव्या. मामा म्हणाला की नाही बाई, डाव्याच म्हणाली. आणि मी त्याची भाची म्हणून सांगत नाही, पण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं ऐकू आलं होतं.

बाई घोटाळल्या. त्यांनी उडीकडे पाहिलं. सगळ्या हॉलची पेनं थांबली. दारात शिट्टीसाहेब उभे होते आणि मान जोरजोरात हलवून तिला खुणावत होते, हो म्हण, हो म्हण. एक ‘हो’ म्हटलं असतं तर उत्तरही बरोबर होतं आणि वर्षही वाचत होतं. मीही मनात म्हणत होते, म्हण गं बाई.

“मी उजव्या म्हटलं होतं,” उडी म्हणाली. “चुकलं ते. पण मी तेच म्हटलं होतं.”

बाईंनी पेपर उचलला. लेखनिकाने मनचं लिहिलं तर पेपर रद्द, नियम सरळ होता. उडीच्या तोंडचं पाणी पळालं. ती प्लास्टरकडे बघत बसली, रडलीही नाही. मग मामा उभा राहिला.

“तिचा पेपर रद्द करू नका,” तो म्हणाला. “ती नीट सांगत होती. मलाच ऐकायची सवय नाही. मला इतक्या वर्षांत कोणी काही सांगितलंच नाही, बाई. मीच लिहीत आलो.”

बाईंनी विचारलं, कोणाकोणाचे? मामाने हॉलवर नजर फिरवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की या हॉलमधले म्हणाल तर पुढच्या दोन रांगा. दोन्ही रांगा एकदम खाली वाकून आपापल्या बुटांच्या नाड्या बांधू लागल्या.

बाईंनी उडीला पहिल्या वर्षाची एक मुलगी लेखनिक म्हणून दिली, कोरा पेपर दिला आणि वेळ वाढवून दिली. मामाला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं, कायमचं. मग चौकशी झाली. विद्यापीठाने ती कॉलेजच्याच देखरेख समितीवर सोपवली आणि अध्यक्ष तेच होते. एका कनिष्ठ लेखनिकाने निष्पाप खेळाडूंना त्यांच्या नकळत वर्षानुवर्षं पास केलं, असा निष्कर्ष निघाला. खेळाडूंकडून लेखी जबाब मागवले. आता जबाब लिहायचा म्हणजे लिहिता यायला हवं! एका संध्याकाळी सगळी पलटण आमच्या दारात, मान खाली घालून. मामी लाटणं घेऊन बाहेर आली होती. पण मामाने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि स्वतःविरुद्धचा एकेक जबाब लिहून दिला, ज्याच्या त्याच्या ऱ्हस्व-दीर्घांसकट. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. इतका का भोळा असावा माणूस!

निकाल लागला. उडी पास झाली, दुसऱ्या वर्गात. ती आमच्याकडे आली तेव्हा प्लास्टर निघालं होतं आणि मनगट जरा वाकडं बसलं होतं. मामी तिच्याशी धड बोलेना. नोकरी गेली होती हो, राग येणारच. मामा मात्र लहान मुलासारखा पुढे सरसावला. त्याला एकच जाणून घ्यायचं होतं: दुसऱ्यांदा पेपर दिलास तेव्हा हृदयाच्या प्रश्नात डावी बाजू लिहिलीस ना?

“नाही,” उडी म्हणाली. “तो प्रश्न सोडून दिला. ते उत्तर मला तुमच्यामुळे कळलं होतं.”

मामीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मला तर उडीचा रागच आला, इतकं काय ते सोवळं! मामा गोंधळून गेला होता. मग पास कशी झालीस, असं त्याने विचारलं.

“बाकीचं येत होतं मला, मामा.”

ती गेल्यावर मामा खुर्चीत बसला तो बसलाच. मामीने चहा आणून ठेवला, तो निवला. मला वाटलं, नोकरीचं आठवलं असेल. मी जवळ गेले तर त्याचे डोळे भरले होते.

“त्या पोरांनाही काहीतरी येत असेल गं,” तो म्हणाला. “मी कोणाला कधी विचारलंच नाही.”