काठावरचा नंबर

साताऱ्यात मेलेल्या माणसांची जेवढी चौकशी आमच्या थोरल्या भाऊजींनी केली, तेवढी जिवंतांची कुणी केली नसेल. लग्नात गाठ पडली की लोक विचारतात, "काय, बरं हाय का?" भाऊजी विचारायचे, "आजोबा कुठल्या पलटणीत?" समोरचा गोंधळून आजोबांचं नाव सांगायला लागला की हात वर करून त्याला थांबवायचे. "नाव नको. त्या नावाची माणसं गावोगाव पडल्यात. नंबर सांगा, नंबर!" अक्षता हातात घेतलेल्या माणसाला शंभर वर्षांपूर्वीच्या शिपायाचा नंबर कुठून आठवणार? एका नवरदेवाच्या मामानं घाबरून मोटारसायकलचा सांगितला. भाऊजींनी तो टिपून घेतला आणि त्यावर तीन महिने पत्रव्यवहार केला.

स्वतः भाऊजी फौजेत कधीच नव्हते. भरतीच्या वेळी छाती दोन बोटं कमी भरली आणि ते एका सरकारी कचेरीत कारकून झाले. ती दोन बोटं त्यांनी आयुष्यभर घरच्यांकडून भरून घेतली. नातवंडं सकाळी ओळीत उभी राहिल्याशिवाय चहा मिळत नसे. प्रत्येक अर्ज स्वतः टाइप करायचा, कार्बन घालून तीन प्रती काढायच्या. एक पाठवायला, एक फायलीत आणि तिसरी शेजाऱ्यांकडं, आपल्या घराला आग लागली तर म्हणून. शेजाऱ्यांच्या घराला लागली तर काय, असं मी नवी सून असताना विचारलं होतं. तेव्हापासून त्यांच्या लेखी मी आगाऊ.

पण माणूस हुडकून द्यायचे हं! तासगावच्या एका मुसलमान बेदाणे व्यापाऱ्याचे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले ते गेलेच. भाऊजींनी चार वर्षं अर्ज करून कागद मिळवला आणि पोस्टानं न पाठवता स्वतः लाल डब्यानं तासगावला नेऊन दिला. शिपाई इराकातल्या बसऱ्याच्या इस्पितळात तापानं वारला आणि तिथंच पुरला, एवढंच त्यात होतं. घरातली म्हातारी म्हणाली, "कबर हाय न्हवं पन?" भाऊजी म्हणाले, "हाय." "मग निजलाय म्हना की," म्हणून ती पदर तोंडाला लावून आत गेली. त्या घरातून दरवर्षी बेदाण्याचा डबा यायचा. भाऊजींनी त्यातला एक दाणा तोंडात टाकला नाही. "मयताची बातमी दिली मी. त्याचं गोड कसं खाऊ?"

लोकांचे आजोबा सापडले. त्यांचे स्वतःचे सापडेनात. ते, म्हणजे माझे आजेसासरे, त्याच लढाईला गेले आणि परतले नाहीत. गावच्या कमानीत लढाईत पडलेल्यांच्या नावांचा दगड आहे, त्यावर त्यांचं नाव नाही. पळून गेला, तिकडंच दुसरं घर केलं, असं गावानं ठरवून टाकलं. आजेसासूबाई मरेपर्यंत कुंकू लावत राहिल्या आणि पाणवठ्यावर बायका म्हणत राहिल्या, "हिचा दादला बसऱ्यात नांदतोय." लहानपणी भाऊजी आजीचं बोट धरून पाण्याला जायचे. त्यांनी हे सगळं ऐकलेलं.

म्हाताऱ्याचं एक पदक मात्र टपालानं घरी आलं होतं आणि पेटीत पडून होतं. मोठेपणी भाऊजींना कळलं की असल्या पदकाच्या काठावर शिपायाचा नंबर कोरलेला असतो आणि पळपुट्याला पदक मिळत नाही. धावत जाऊन त्यांनी पेटी उघडली. पदक नव्हतं.

भाऊजींनी आळ घेतला तो धाकट्या भावावर, बापूवर, म्हणजे आमच्या यांच्यावर. हे तरुणपणी पत्ते खेळायचे, एवढा पुरावा त्यांना पुरला. "आज्याला इकलास व्हय रं?" असं भर अंगणात म्हणाले. त्यानंतर भावाभावांत शब्द नाही. आम्ही सांगलीत विश्रामबागेला बिऱ्हाड केलं.

आता खरं सांगते. त्या वेळची मी म्हणजे एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, घरात आपल्याएवढं शहाणं कुणी नाही अशी खात्री असलेली सून. दसऱ्याची झाडलोट करताना पेटीत एक पिवळी चकती सापडली, तीवर पंखवाली बाई. कुठल्या मडमेचा बिल्ला सासरच्यांनी जपून ठेवलाय म्हणून मला हसू आलं. दारात भांडीवाली बसली होती. यांच्या दोन जुन्या विजारी, एक फुटकी समई आणि ती चकती तिला देऊन मी स्टीलचा डबा घेतला. अर्धा तास घासाघीस करून वर चहाची गाळणीही उपटली. आठ दिवस मी त्या सौद्याच्या फुशारक्या मारत होते. एका माणसाचं मरण दिलं आणि गाळणी घेतली!

अंगणात भांडण पेटलं तेव्हा ही शहाणी स्वयंपाकघराच्या दाराआड पदर चावत उभी. नंतर यांना सांगितलं. हे म्हणाले, "गप बस. दादाला तुझ्यावर वराडता येणार न्हाई, आत कुढत बसंल. माझ्यावर चिडू दे. आठ दिसात निवळंल." पंचेचाळीस वर्षं गेली, निवळलं नाही. दोन वर्षांमागं हे गेले. भाऊजी आले, फाटकाशी उभे राहिले आणि घरात न येता परत गेले.

गेल्या हिवाळ्यात मी एकटीच साताऱ्याला गेले. "आवं भाऊजी, पदक यांनी नाही विकलं. मी दिलं, भांडीवालीला."

भाऊजींनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "भांडीवाली कुठली?"

"मिरजेकडची म्हणायची."

"काठ वाचला हुतास?"

"आकडे होते. चार असतील. कुठले ते नाही आठवत."

"बापूला ठावं हुतं?"

"होतं."

ते उठले आणि फायलीतला एक अर्ज काढून शेवटची ओळ मोठ्यानं वाचायला लागले. 'पदक धाकट्या भावाने विकल्यामुळे नंबर देता येत नाही.' मग दुसरा काढला. त्यातही तेच. मग तिसरा.

"समद्या कचेऱ्यांत गेलंय हे. सायबाच्या देशात सुदिक. कागद कुटं जात न्हाई, पोरी. शंभर वर्सांनी कुणी बापूला हुडकाया गेलं, तर त्येला हेच घावंल."

त्यानंतर भाऊजींनी आजोबांचा एकही अर्ज केला नाही. आता त्या सगळ्या कचेऱ्यांना ते एकच पत्र लिहितात, की अमुक ओळ चुकीची असून ती रद्द समजावी. एका कचेरीचं उत्तर आलंय, 'आपल्या पत्राचा बोध होत नाही.' त्यांनी पुन्हा लिहिलंय.

त्या दिवशी मला पोचवायला ते स्टँडवर आले. सांगलीची गाडी लागायची होती. रस्त्याकडं बघत त्यांनी विचारलं, "शेवटाला माझं नाव काढलं हुतं का गं त्यानं?"

शेवटच्या दिवसांत यांनी कुणाचंच नाव काढलं नाही. पाणी मागितलं, खिडकी उघडायला सांगितली, एवढंच. खोटं बोलणं मला काही नवं नव्हतं, पंचेचाळीस वर्षं तेच केलं होतं. आणखी एक बोलले असते तर म्हातारा समाधानानं घरी गेला असता. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"नाही, भाऊजी."

त्यांनी मान हलवली. गाडी आल्यावर माझी पिशवी स्वतः वर चढवली, खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरले. गाडी हलायला पंधरा मिनिटं होती. मी हातानं खूण करत होते, जावा आता, ऊन लागतंय. ते गेले नाहीत.